प्रस्तावाआधी पाणी तपासा

ताई, पाणी समितीवर नव्यानं आलात म्हणून सांगते. निधीचा अर्ज लिहायच्या आधी विहिरींचं पाणी तपासून घ्या. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळा सरल्यावर. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या किंवा फ्लोराइड १.५ च्या वर गेलं, तर तो अहवाल प्रस्तावाला सगळ्यात वर लावा.

मग कारण शोधा. आपल्या मराठवाड्यात बरेच प्रस्ताव नाला खोलीकरणावरच थांबतात, मला ते पटत नाही. विहिरीला लागून उकिरडा, गोठा, संडासाचा खड्डा असेल, तर नाला कितीही खोल करा, नायट्रेट हटणार नाही. किनवटकडचं फ्लोराइड मात्र खडकातून येतं. तिथं दुसरा स्रोत नाहीतर पाऊसपाण्याचं पुनर्भरण मागा.

ग्रामसभेचा ठराव, शिवाराचा नकाशा जोडायचाच. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेसाठीच बंधित होता, त्यातलं काही शिल्लक आहे का ते ग्रामसेवकाला विचारा. आणि काम झाल्यानंतरच्या तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच धरा, मागाहून त्याला पैसे मिळणं फार अवघड जातं.