एएचआय २२ आलाय, पण सीपॅप नको वाटतं. दुसरा पर्याय चालेल का?

तुम्ही लिहिलंय की स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) एएचआय २२ आला, म्हणजे स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला, डॉक्टरांनी सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) सांगितलं, आणि आयुष्यभर मास्क लावून झोपायचं या विचारानंच जीव घाबरा होतो. त्यापेक्षा दातांवर बसवायचं उपकरण किंवा ऑपरेशन चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

चालू शकेल. पण ते चाललं की नाही हे घोरण्यावरून ठरवू नका. मी तसं ठरवलं आणि त्यात माझे आठ महिने गेले.

माझा एएचआय २७ होता, म्हणजे झोपेत तासाला सरासरी २७ वेळा श्वास अडत किंवा उथळ होत होता. हे कळायलाच दोन वर्षं लागली. सतत थकवा, सकाळी डोकं जड, रात्री तीनदा लघवीला उठणं. हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं ठीक, म्हणून साऱ्याचं खापर पाळी जाण्यावर फुटलं. घोरणं हलकंच होतं. एकदा मुलगी माझ्या खोलीत झोपली आणि सकाळी म्हणाली, "आई, तू मधेच श्वास घ्यायची थांबतेस." बायकांमध्ये हा आजार पुष्कळदा थकवा आणि मोडक्या झोपेच्या रूपात येतो, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो.

सीपॅप मी चौथ्या रात्री काढून ठेवलं. श्वास सोडताना समोरून कुणी हवा ढकलतंय असं वाटायचं, घुसमट व्हायची. मग दातांचं उपकरण करून घेतलं. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतं, म्हणजे जीभ मागे पडून घसा बंद होत नाही. घोरणं पूर्ण थांबलं, घरचे खूश, मीही निर्धास्त. पण एका दुपारी गाडी चालवताना सिग्नलला डोळा लागला. मागच्या हॉर्नने जाग आली तेव्हा हात थरथरत होते. डॉक्टरांनी उपकरण लावूनच पुन्हा तपासणी करायला लावली. एएचआय १८.

घोरणं हा अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेचा आवाज आहे. वाट पूर्ण बंद झाली तर आवाजच येत नाही. म्हणून पर्याय कुठलाही घ्या, तो चालू असताना पुन्हा तपासणी हवीच. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, म्हणून इतक्या कळकळीनं लिहितेय.

आता तुमचं. १५ ते ३० म्हणजे मध्यम. या टप्प्यात दातांचं उपकरण अनेकांना पुरतं, विशेषतः वजन फार नसेल आणि त्रास मुख्यतः उताणं झोपल्यावर होत असेल तर. तुमच्या रिपोर्टमध्ये उताणं आणि कुशीवर असे वेगळे आकडे असतील, ते आधी बघा. कुशीवर आकडा ५ च्या आसपास असेल तर रात्रभर कुशीवर ठेवणारा पट्टासुद्धा बराच उपयोगी पडतो. उपकरणासाठी दात, हिरड्या आणि जबड्याचा सांधा चांगला हवा. या कामाची माहिती असलेल्या दंतवैद्याकडूनच ते करून घ्या. काही वर्षांनी दातांची ठेवण थोडी बदलू शकते, हेही धरून चला.

ऑपरेशनबद्दल मी जरा सावध आहे. टॉन्सिल खूप मोठे असतील तर गोष्ट वेगळी. पण टाळूचा मऊ भाग कमी करण्याच्या ऑपरेशनचा गुण प्रत्येकाला सारखा येत नाही, आणि नंतरचं दुखणं बरंच असतं. औषधानं झोपवून दुर्बिणीतून घसा नेमका कुठे बंद होतो ते बघणार का, हे सर्जनना जरूर विचारा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं एएचआय खरोखर खाली येतो. लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. त्याचा विचार मात्र डॉक्टरांसोबतच.

मी शेवटी सीपॅपकडे परत गेले, पण या वेळी घाई केली नाही. तोंड-नाक झाकणारा मास्क बदलून फक्त नाकपुड्यांशी बसणारा घेतला. आधी चोंदलेल्या नाकावर उपचार घेतले, कारण नाक बंद असताना तो मास्क चालत नाही. हवा ओलसर करणारं भांडं जोडलं, दाब हळूहळू वाढेल अशी सोय चालू केली. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास जागेपणी, वाचत बसून, मास्क लावला. घुसमटीची भीती यानंच गेली. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री लघवीला उठलेच नाही. श्वास अडला की छातीतल्या ताणामुळे हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना जास्त लघवी करायला लावतं, हे मला तेव्हा कळलं. सकाळी उठून मी रडले होते. आता मशीनवरचा आकडा २-३ च्या आत असतो.

'आयुष्यभर'चा निर्णय आज घ्यायचा नाहीये. सीपॅपची सवय शरीराला लागत नाही. सोडलं तर ॲप्निया परत येतो, इतकंच. वजन उतरलं, आकडा सुधारला, तर पुढे बदलता येतं. महिनाभर वापरून बघायला मशीन मिळेल का, विचारा. तोवर झोप येत असताना गाडी चालवू नका, आणि डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी घेऊ नका.

उताणं आणि कुशीवरचा एएचआय, रात्रीचा सर्वात कमी ऑक्सिजन, आणि नाक चोंदतं का, एवढं लिहिलंत तर दातांच्या उपकरणाबद्दल मला अजून नीट सांगता येईल.