नववीच्या वर्गात अख्खी कादंबरी वाचायची म्हणजे

तुम्ही विचारलंय, "नववीच्या मुलांसोबत वर्गात एखादी किशोर कादंबरी वाचायची आहे. पण वाचून झाल्यावर लिहायला सांगितलं की सगळे 'कादंबरी छान आहे, यातून आपल्याला बोध मिळतो' एवढंच लिहितात. काय करावं?"

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. तुमचं ते 'बोध मिळतो' मी बेचाळीस वह्यांत बेचाळीस वेळा वाचलेलं आहे, आणि चूक मुलांची नव्हती. पहिल्या वर्षी मी दर प्रकरणामागे पाच प्रश्न फळ्यावर लिहायचे. कोण कोणास म्हणाले. नायकाचे स्वभाववर्णन करा. तुम्हाला आवडलेला प्रसंग. असे प्रश्न दिसले की मुलं पुस्तकाकडे बघतच नाहीत, 'स्वमत' लिहायला बसतात. आणि स्वमत म्हणजे स्वतःचं मत नव्हे, गाइडमध्ये असतं ते, हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं. एका हुशार मुलीची वही आधी वर्गभर फिरली होती. तिनं 'मनमिळाऊ'चं 'मनमीळावु' केलं होतं, ते अर्ध्या वर्गाच्या वह्यांत जसंच्या तसं उतरलं.

पुस्तक होतं 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची १९३८ सालची कादंबरी, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली. फ्लोरिडातल्या रानात जेमतेम पोटापुरतं पिकवणारं एक कुटुंब, आईबाप आणि ज्योडी नावाचा एकुलता एक मुलगा. बापाला साप चावतो, तो विष उतरवण्यासाठी समोर आलेली हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतो आणि वाचतो. त्या हरिणीचं पाडस ज्योडी घरी आणतो. पुढे पाडस वाढतं आणि कोवळ्या मक्यावर पडतं. अमेरिकेत हिला १९३९चं पुलित्झर मिळालं होतं, पण ते मी वर्गात पहिल्या दिवशी सांगत नाही. बक्षीस मिळालेलं आहे म्हटलं की मुलं ताठ बसतात आणि कान बंद करतात.

दुसऱ्या वर्षी प्रश्न बंद केले. आठवड्यातून एक तास, शनिवारचा, मी फक्त मोठ्यानं वाचायचं. सगळ्यांकडे पुस्तक असण्याची गरज नाही, आमच्याकडे दोनच प्रती होत्या. एक माझ्या हातात, दुसरी पहिल्या बाकापासून आठवडाभर घरोघर फिरायची. ज्याला पुढचं कळायची घाई असेल त्यानं पुढे वाचावं, फक्त फोडू नये. (फोडतातच. फुटलेली गोष्टसुद्धा मुलं तितक्याच कानांनी ऐकतात, हा माझा अनुभव.)

सापाच्या प्रकरणापर्यंत वर्ग नुसता ऐकत होता. खरी गंमत कुंपणापाशी आली. पाडस पिकात शिरतं म्हणून ज्योडी जीव तोडून कुंपण उंच करतो आणि पाडस ते कुंपण सहज ओलांडून जातं. मी वाचत होते आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. एरवी मी दटावलं असतं. त्या दिवशी पुस्तक मिटून खुर्चीवर बसले. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, साड्या नाही बांधत का थे लोकं?"

तुम्ही शहरातल्या असाल तर सांगते. आमच्याकडे तूर-हरभऱ्याच्या वावराभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं फडफडल्या की रोही, म्हणजे नीलगाय, बिचकतो, निदान पहिले चार दिवस. मग त्यालाही कळतं. पुढची पंधरा मिनिटं वर्गात कुंपण हा एकच विषय. तारेचं की काट्याचं, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या मशीनला किती पैसे लागतात, रोही किती उंच उडतो, रानडुक्कर वरून येत नाही तर खालून घुसतं. एका मुलीनं विचारलं, "पंचनामा करायला कोणाला बोलावतील? पाडस तर त्यांचंच आहे." सगळे हसले, मीही हसले, आणि मग लक्षात आलं की अख्ख्या कादंबरीचा पेच तिनं एका ओळीत मांडला. पाच प्रश्नांच्या वर्षी हीच मुलगी असती तर तिनंही 'मनमीळावु' लिहिलं असतं.

शेवटाकडे बाप आजारी, दुसऱ्यांदा पेरलेला मकाही गेलेला. बाप ज्योडीला पाडस मारायला सांगतो. त्याच्यानं होत नाही. शेवटी आई बंदूक उचलते, तिला नेम धरता येत नाही, पाडस जखमी होतं आणि उरलेलं ज्योडीलाच करावं लागतं. मी हे प्रकरण घरी तीनदा मोठ्यानं वाचून गेले होते, तरी आवाज दाटला. वाचून झाल्यावर काहीही विचारलं नाही. हे फार अवघड असतं. आपल्याला शांतता सहन होत नाही, 'मग मुलांनो, काय वाटलं?' हे तोंडातून निसटतंच.

मुली आईवर चिडल्या होत्या. नोकरदारांची दोन-तीन मुलं आहेत वर्गात, तीही. तेवढ्यात वर्षभर हजेरीपलीकडे तोंड न उघडलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मायनं बराबर केलं. दाना नसन त लेकराले काय चारन थे?" मग थोडं थांबून म्हणाला, "माह्या बाप जागलीले जाते. मी बी जातो. रात्री डब्बा वाजवत बसा लागते. रोह्याचं पिलू दिसलं होतं मले एकदा. मी वाजवलाच डब्बा. पन हळू वाजवला."

हे 'हळू वाजवला' मी तोवर कुठल्याही उत्तरपत्रिकेत वाचलं नव्हतं. त्यानंतर वर्गाचे दोन तट पडले आणि तास संपल्याची घंटा कोणी ऐकली नाही. माझं मत विचारलं गेलं. मी सांगितलं की मला अजून ठरवता येत नाही, आणि ते खरंच होतं.

योगायोग बघा, 'पाडस' मूळ इंग्रजीत आली त्याच १९३८ साली लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकन प्राध्यापिकेचं साहित्य शिकवण्याबद्दलचं पुस्तक आलं. तिचं म्हणणं साधारण असं, की अर्थ पुस्तकात भरून ठेवलेला नसतो आणि नुसता वाचणाऱ्याच्या डोक्यातही नसतो. दोघांची गाठ पडते तेव्हा तो घडतो. पुढे तिनं दोन तऱ्हांचं वाचन वेगळं काढलं. एकात वाचून हाती काय न्यायचं यावर लक्ष असतं, दुसऱ्यात वाचताना आत काय होतंय यावर. आपण कादंबरीला पहिल्या तऱ्हेचे प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या तऱ्हेच्या उत्तराची वाट बघतो. पण शनिवारच्या त्या तासानंतर मी हे वाचलं म्हणून पटलं. आधी वाचलं असतं तर बी.एड.च्या नोट्ससारखं विसरले असते.

आता लिहून घेण्याबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तो आहे. वर्गाची एकच वही ठेवा. आमची दोनशे पानी आहे, सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलेली. कुणीही, कधीही लिहावं, नाव घालायची सक्ती नाही, वऱ्हाडीत लिहिलं तर उत्तमच. मी त्यात लाल पेन लावत नाही. शुद्धलेखन सुधारायला इतर चार वह्या आहेत. पहिले तीन आठवडे वहीत फक्त गुलाबाची चित्रं आणि कुणाचं तरी नाव कुणाशी तरी जोडलेलं आलं. धीर सोडू नका. मग एकानं ज्योडीच्या घराचा नकाशा काढला, त्यात नाला होता तो हुबेहूब आमच्या गावचा. त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, 'कुंपण इथं कमी आहे.' एकीनं लिहिलं होतं, 'ज्योडी घर सोडून पळाला तेव्हा त्याची आई काय करत होती ते लेखिकेनं लिहिलं नाही. मला ते पाहिजे होतं.' मी तिला म्हटलं, तू लिही. तिनं पाऊण पान लिहिलं. आई चुलीपुढे बसून दोनच ताटं वाढते आणि तिसरं पुन्हा धुऊन ठेवते, बस. त्यावर मार्क द्यायची माझी छाती नाही.

मार्कांचं विचाराल तर भाषेच्या शंभरातले वीस गुण तोंडी वगैरेचे असतात. तिथं मी या वाचनाबद्दल बोलू देते, लेखी परीक्षेत आणत नाही. 'अभ्यासक्रम मागे पडेल' असं एकदा वरून विचारलं गेलं. पडला, डिसेंबरात दोन पाठ. जानेवारीत जादा तास घेऊन भरून काढले. फुकट काही होत नाही.

'पाडस'च घ्या असा माझा आग्रह नाही. तुमच्या मुलांच्या घरी वावर नसेल तर कुंपणाचा तो तास कदाचित तसा होणारही नाही. इतकं जाड पुस्तक नको असेल तर प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' घ्या. ती कादंबरी नव्हे, कथा आहेत, पण सगळ्यांत लंपन नावाचा मुलगा एकच. एक कथा दोन-तीन तासांत संपते. सीमाभागातली ती मराठी आमच्या मुलांना आधी परकी वाटली, मग महिनाभर जो तो लंपनसारखा दुसऱ्याला 'मॅड' म्हणत हिंडत होता. मिलिंद बोकिलांची 'शाळा' नववीतल्याच मुलांची, आणीबाणीच्या काळातली. ती मात्र मी वर्गात वाचत नाही, ग्रंथालयाच्या कपाटात हाताला लागेल अशी ठेवते. काही पुस्तकं मॅडमच्या आवाजात ऐकायची नसतात, लपवून वाचायची असतात. तिची प्रत सगळ्यात जास्त फाटली आहे, यावरून काय ते समजा. आणि एकही प्रत मिळत नसेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बघा, ते १९७१पासून निघतंय. दीर्घ कथेवरही हेच सगळं करता येतं.

यंदाच्या वर्गात आम्ही सापापर्यंत आलोय. तो डबा हळू वाजवणारा मुलगा आता अकरावीला आहे, मागच्या आठवड्यात शाळेत दाखला न्यायला आला होता. खिडकीपाशी उभा राहून वही चाळत होता. "कुंपनाचं आलं का, मॅडम?" म्हणाला. म्हटलं, अजून दोन शनिवार.