ब्रुकलिन राहू दे, तुझा काउंटर पाठव

प्रिय ताई,

मी सांगलीची, वय २७. बी.कॉम. करून एका पतसंस्थेत काउंटरला बसते. कॉलेजात तीन एकांकिका लिहिल्या, एक अंतिम फेरीपर्यंत गेली. अमेरिकेत जाऊन नाट्यलेखन आणि पटकथालेखनात एम.एफ.ए., म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, करायची आहे. गेल्या डिसेंबरात चार ठिकाणी अर्ज केले. लेखनाचा नमुना म्हणून मुद्दाम इंग्रजीत नाटक लिहिलं: ब्रुकलिनमधल्या दोन रूममेट मुली आणि घरभाड्यावरून त्यांचं भांडण. मार्चपर्यंत चारही नकार आले. घरी कुणाला बोलले नाही. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. ते अजून विचारतात, 'काही आलं का गं तिकडून?' मी म्हणते, 'अजून नाही.' आता ते म्हणतायत, प्रवेश मिळाला की घर तारण ठेवू. २०१९ च्या महापुरानंतर फंडाच्या पैशांतून त्यांनी हे घर पुन्हा उभं केलंय.

यंदा पुन्हा अर्ज करायचाय. एक एजन्सी चाळीस हजारांत एसओपी, म्हणजे अर्जासोबत द्यायचं स्वतःबद्दलचं निवेदन, लिहून देते म्हणतेय. माझ्याकडे एक मराठी एकांकिकाही आहे. बंद पडलेल्या पतसंस्थेत रोज पासबुक भरून घ्यायला येणाऱ्या आजोबांची. ते काउंटरवरच्या मुलीला म्हणतात, 'पैसं नगंत बाई, निदान सही तरी कर.' पण अमेरिकेत हे कुणाला कळणार? माझं काय चुकलं?

— तिसऱ्या घंटेची वाट पाहणारी

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मी बाबांपासून सुरुवात करते, कारण तुझं पत्र तिथेच अडखळतं. मार्चपासून ऑगस्टपर्यंत तू 'अजून नाही' म्हणते आहेस. आज संध्याकाळी ते चहा घेत बसले की शेजारी बस आणि सांग, 'बाबा, मार्चमध्येच नकार आले होते, मला सांगवलं नाही.' एवढंच. त्यापुढे कारणं देत बसू नकोस.

तिशीत असताना एका निर्मात्याने माझं नाटक परत पाठवलं होतं. 'निर्णय व्हायचाय' असं मी आईला चार महिने सांगत राहिले. एक दिवस माळा झाडताना तिला ते बाड सापडलं, निर्मात्याच्या चिठ्ठीसकट. तिने ते पुसून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, 'जेवायला ये.' तिला सगळं कळलं होतं, आणि मी चार महिने एकटीच जेवत होते. तुझे बाबा आयुष्यभर एसटीत माणसं बघत आलेत. तुझा चेहरा त्यांनी वाचला नसेल असं मला वाटत नाही.

आता घराचं. ते तारण ठेवायचं नाही. या बाबतीत माझं मत ठाम आहे. ज्या प्रकारच्या अभ्यासक्रमाला तू जाऊ पाहतेस त्याचं ठळक उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टिश स्कूलमधला ड्रॅमॅटिक रायटिंगचा विभाग. दोन वर्षांचं एम.एफ.ए., नाटक, सिनेमा आणि टीव्ही असं सगळं लेखन तिथे शिकवतात. विभाग नावाजलेला आहे, पण फक्त ट्यूशन वर्षाला साठ हजार डॉलर्सच्या वर जाते. न्यूयॉर्कमधलं राहणं-खाणं धरलं तर दोन वर्षांचा खर्च एक कोटी रुपयांच्या सहज पुढे. शिक्षण झाल्यावर तिथे काम करायची परवानगी सध्याच्या नियमांप्रमाणे साधारण एका वर्षाची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना मिळते ती पुढची दोन वर्षांची वाढ नाट्यलेखनाला मिळत नाही. एका वर्षात नवख्या लेखिकेने कोटीचं कर्ज फेडावं, अशी या धंद्याची रचनाच नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. हप्त्याच्या धाकाने तू मिळेल ते काम घेशील, आणि ज्या नाटकासाठी हा सगळा आटापिटा केलास तेच मागे पडेल.

म्हणून यादी बदल. जिथे फी माफ आहे किंवा विद्यापीठच विद्यार्थ्याला पोसतं तिथेच अर्ज कर. येल विद्यापीठाच्या ड्रामा स्कूलला हॉलिवूडचे निर्माते डेव्हिड गेफेन यांनी २०२१ मध्ये १५ कोटी डॉलर्सची देणगी दिली आणि तेव्हापासून तिथे ट्यूशन फी नाही. नाट्यलेखनाचं तीन वर्षांचं एम.एफ.ए. त्यात येतं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातलं मिचेनर सेंटर लेखकांना पूर्ण पाठ्यवृत्ती देण्यासाठीच ओळखलं जातं, आणि नाटक व पटकथा हे दोन्ही प्रकार तिथल्या परंपरेतले आहेत. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांना घेतात, त्यामुळे तुझे चार नकार म्हणजे तुझ्या लेखणीवरचा निकाल नव्हे. एक व्यावहारिक गोष्ट मात्र आधी तपास: तुझं बी.कॉम. तीन वर्षांचं आहे. काही अमेरिकन विद्यापीठांना ते चालतं, काहींना चार वर्षांची पदवी लागते. प्रत्येक ठिकाणी ई-मेल करून आत्ताच विचार, नाहीतर अर्जाची फी फुकट जायची.

आणि पुणं विसरू नकोस. लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात १९६० पासून उभ्या असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन स्वतंत्रपणे शिकवलं जातं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. या जागा अमेरिका हुकली तर दुधाची तहान ताकावर भागवायला म्हणून मी सांगत नाही. तिथे तुझ्या भाषेत नाटक उभं राहताना बघायला मिळतं, जे ऑस्टिनमध्ये मिळणार नाही. दोन्हीकडे अर्ज कर.

आता तुझा शेवटचा प्रश्न, काय चुकलं. ब्रुकलिन चुकलं. तू तिथे कधी गेलेली नाहीस. तिथलं घरभाडं कुणाच्या खात्यात जातं, पाणी गेलं तर कुणाला फोन करतात, जिन्यात कसला वास येतो, हे तुला माहीत नाही. निवड समितीत बसलेले लेखक त्याच शहरांत राहतात, आणि घरभाड्याची भांडणं त्यांच्यासमोर दरवर्षी ढिगाने येत असणार. त्यात तुझं भांडण वेगळं दिसण्याचं काही कारण नव्हतं. तू त्यांना हवं असेल असं तुला वाटलं ते लिहिलंस. पण ते एका माणसाची नजर शोधत असतात, आणि तुझी नजर त्या काउंटरच्या काचेमागे आहे.

तुझं ते वाक्य मी तीनदा वाचलं. 'पैसं नगंत बाई, निदान सही तरी कर.' नातीच्या वयाच्या मुलीला आजोबा 'बाई' म्हणतायत. त्यात मान आहे, अजीजी आहे, आणि थोडी मायाही आहे. आयुष्यभराची ठेव गेलेला माणूस आता पैसे मागतच नाही, कुणीतरी आपली नोंद घ्यावी एवढंच मागतो. अमेरिकेत हे कुणाला कळणार असं तू विचारतेस. बुडालेली बँक आणि खिडकीसमोर उभा असलेला म्हातारा त्यांनी पाहिलेला नाही असं तुला वाटतं का? १९२९ च्या मंदीनंतर तिथे हजारो बँका बंद पडल्या. त्यांना फक्त तुझे आजोबा ठाऊक नाहीत. ते तू दाखवायचे.

भाषांतर स्वतः कर, दुसऱ्याला देऊ नकोस. आजोबांचं गावाकडचं बोलणं आणण्यासाठी त्यांच्या तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी घालण्याचा मोह होईल. घालू नकोस, ते अडाणी वाटतील आणि ते अडाणी नाहीत. त्यांना लहान, साधी, पूर्ण वाक्यं दे. काउंटरवरच्या मुलीला परिपत्रकासारखी लांब, गुळगुळीत वाक्यं दे. दोघांमधलं अंतर उच्चारात शोधू नकोस, वाक्यांच्या घडणीत ठेव. 'आजोबा', 'बाई' हे शब्द तसेच राहू देत, तळटीप नको. नट ते कुणाकडे बघून म्हणतो त्यावरून अर्थ लागतो. रकमा रुपयांतच ठेव. भाषांतर करताना काही ओळी अडतील, मराठीत नुसत्या सवयीने आलेल्या असतील त्या. त्या मूळ संहितेतूनही काढून टाक. स्वतःच्या नाटकाचं भाषांतर करण्याइतकं कठोर संपादन दुसरं नाही, हे मी अनुभवाने सांगते.

अडचण एकच आहे, एकांकिका बहुतेक ठिकाणी अपुरी पडेल. नाट्यलेखनाला पूर्ण लांबीचं नाटक मागतात. दोन अंकी करताना नुसते प्रसंग वाढवलेस तर ताकात पाणी घातल्यासारखं होईल. त्याऐवजी एक प्रश्न विचार, जो तू पत्रात टाळलास: काचेमागच्या त्या मुलीचा पगार चालू आहे का? चालू असेल तर कुठून येतो? नसेल तर ती रोज येऊन का बसते? हा मुलीचा अंक आहे. तो लिहिताना तुला त्रास होईल असा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच तो लिहावा.

जिथे पटकथेचा नमुना मागतील तिथे मांडणी त्यांच्या रीतीने कर: कुरिअर टंक, १२ पॉइंट, साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, ट्रेल्बीसारखं फुकट मिळणारं पुरतं.

एजन्सीला एक रुपयाही देऊ नकोस. लेखक होऊ पाहणाऱ्या मुलीने स्वतःची ओळख दुसऱ्याकडून लिहून घ्यावी, याने मला खरंच वाईट वाटतं. 'लहानपणापासून मला नाटकाची आवड' असं कुणीही लिहील. तू लिही की तुझ्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, आणि त्याच गावात तू सकाळी दहा ते साडेपाच लोकांच्या सह्या पडताळतेस आणि रात्री त्यांचे संवाद लिहितेस. हे दुसरी कुणी लिहू शकणार नाही. शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. ती नगरसेवकाकडून किंवा बँकेच्या चेअरमनकडून घेऊ नकोस. तुझ्या एकांकिकेच्या दिग्दर्शकाकडून घे, तालमीत तुझ्याशी वाद घातलेल्या माणसाकडून. तू संहिता चौथ्यांदा कशी बदललीस हे ज्याने पाहिलंय, त्याच्याच पत्राला वजन असतं.

२७ हे वय उशिराचं नाही. तुझ्या वयाची आणि तुझ्याहून मोठी माणसं या वर्गांत असतात.

मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात. दिवाळीपर्यंत मराठीतला दुसरा अंक आणि त्यानंतर महिनाभरात भाषांतर, असं धर. नोकरी सोडू नकोस. पगारासाठी म्हणत नाही, नाटक तिथे आहे.

बाबांशी बोलणं झालं की मला कळव. आणि आणखी एक. आजोबा सही मागतात एवढं लिहून तू पत्र संपवलंस. त्या पासबुकावर शेवटी कोण सही करतं? की कुणीच करत नाही? भाषांतराची वाट न बघता मला मराठीतलंच पाठव.

तुझी,
ताई