बेल्टवरचा काटा सकाळी एक, दुपारी एक दाखवतो. लोड सेल बदलावा का?

बॉयलरला जाणाऱ्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) बेल्टवर तुम्ही वजनकाटा बसवलाय आणि दोन पाळ्यांचे आकडे जुळत नाहीत. एवढ्यावर लोड सेल, म्हणजे काट्यातला वजन ओळखणारा सेन्सर, बदलू नका. मी कोल्हापुरात हेच काम करतो, हंगामात साखर कारखान्यांचं आणि एरवी शिरोलीच्या फाउंड्र्यांमधल्या वाळूच्या बेल्टचं. एका कारखान्यात मीही आधी सेलच बदलला होता. आकडा तसाच राहिला. काट्याच्या फ्रेमखाली बगॅस दाबून बसला होता, तो खरवडून काढल्यावर काटा जाग्यावर आला.

काटा मोजतो दोनच गोष्टी: बेल्टच्या एका मीटरवर किती किलो माल आहे आणि बेल्ट किती वेगात पळतोय. मीटरला १५ किलो आणि सेकंदाला दीड मीटर, म्हणजे तासाला ८१ टन. बगॅस हलका, त्यामुळे नुसत्या बेल्टचं वजनही त्याच्या जवळपास जातं. आता ओला बगॅस बेल्टला चिकटून मीटरमागे फक्त ३०० ग्रॅम वाढले, तरी २ टक्के चूक झाली. चोवीस तासांत जवळजवळ ३९ टन!

म्हणून आधी झीरो, म्हणजे रिकाम्या बेल्टवरचा आकडा, बघा. स्क्रॅपर आणि फ्रेम साफ करा, बेल्ट रिकामा थोडा वेळ पळवा आणि पूर्ण फेऱ्या मोजूनच झीरो घ्या. अर्ध्या फेरीत थांबलात तर बेल्टचा जाड सांधा कधी हिशेबात येईल, कधी सुटेल.

तरीही सकाळ-दुपारचा फरक राहिला, तर मला बेल्टच्या ताणाचा संशय येईल. काट्याचा रोलर शेजारच्यांपेक्षा जरा जरी वर असेल, तर ताणलेला बेल्टच त्याला खाली दाबतो आणि काटा ते वजन धरतो. थंडी-उन्हानं, कमी-जास्त मालानं ताण बदलतो, तसा आकडाही. काट्याचा रोलर आणि दोन्ही बाजूंचे तीन-तीन रोलर यांवर बारीक तार ताणून धरा, उंचसखलपणा लगेच दिसेल.

वेगाचा सेन्सर मोटरच्या पुलीवर असेल तर तिथून काढा. बेल्ट घसरला तरी ती पुली फिरतच राहते आणि वजन फुगतं. शेपटाकडची, म्हणजे बेल्टच फिरवतो ती मागच्या टोकाची पुली बरी.

शेवटी खरा माल तोला. बेल्टवरून गेलेला बगॅस ट्रॉलीत घ्या, ट्रॉली उसाच्या काट्यावर रिकामी-भरलेली तोला, आणि हे निदान तीनदा करा. तिन्ही वेळा फरक सारखाच आला तर स्पॅन (भरलेल्या बेल्टचा आकडा खऱ्या वजनाशी जुळवणारी सेटिंग) दुरुस्त करा. दरवेळी वेगळा आला तर स्पॅनला हात न लावता पुन्हा रोलरकडे जा.