संघ तळाला गेला असेल तर हिवाळ्यात एक मोठा स्टार घ्यावा की पाच-सहा मध्यम खेळाडू?

तुम्ही लिहिलंय की तुमचा बेसबॉल संघ यंदा गटात शेवटचा आला, मालकाकडे पैसा आहे, तर सगळा एका स्टारवर लावावा की वाटून खर्च करावा, आणि ट्रेडचं, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचं, काय करावं. वाटून खर्च करावा. याच मुद्द्यावर मी आमच्या साडूंशी वर्षानुवर्षं भांडतोय, त्यामुळे उत्तर तोंडावरच आहे.

मी बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहतो. साडू एडिसनला, न्यू जर्सीत, आणि हाडाचे यांकीजवाले, म्हणजे न्यू यॉर्कच्या संघाचे. 2012 साली आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्सची पार रया गेली, 69 विजय आणि 93 पराभव. हंगाम संपायच्या आधीच, ऑगस्टात, एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड, जॉश बेकेट आणि निक पुंटो अशा चौघांना एका ट्रेडमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे धाडलं होतं. बदल्यात कोण आलं हे आज बॉस्टनमध्येही कुणाला धड सांगता यायचं नाही. कमाई वेगळीच होती. 25 कोटी डॉलरहून जास्त पगाराचं लोढणं गळ्यातून निघालं.

त्या नाताळात आम्ही एडिसनला होतो. जेवणं झाल्यावर साडूंनी एका लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं आणि आमच्या नव्या भरतीची यादी काढली, प्रत्येक नावापुढे शेरा. शेन व्हिक्टोरिनो, तीन वर्षं, 3.9 कोटी डॉलर : "उतरणीला लागलाय." रायन डेम्पस्टर, दोन वर्षं, 2.65 कोटी : "म्हातारा." डेव्हिड रॉस : "राखीव कॅचरला 62 लाख?" जॉनी गोम्सपुढे नुसतं प्रश्नचिन्ह. कोजी उएहारा, 37 वर्षांचा, चेंडू ताशी 90 मैलांच्या आतच. आणि माइक नापोली. त्याचा 3.9 कोटींचा करार ठरला होता, पण वैद्यकीय तपासणीत खुब्याचं दुखणं निघालं आणि सगळं लटकून राहिलं होतं. खुब्याशी आल्यावर साडू इतके हसले की मेव्हणी आतून विचारायला आली. "अहो, हा संघ नव्हे, जुन्या बाजारातली खरेदी आहे," म्हणाले.

पाकिटावर त्यांनी लिहिलं नाही ते सांगतो. यातला एकही करार तीन वर्षांहून मोठा नव्हता. यातल्या एकाहीपायी ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतली, वरची निवड गमवावी लागली नाही. क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे जुन्या संघाने देऊ केलेला एका वर्षाचा करार, नाकारलेला स्टार उचलला की वरच्या निवडींपैकी एखादी जाते, आणि शेवटच्या आलेल्या संघाला ती सोन्याच्या मोलाची असते. बेसबॉलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नाही, पगाराला पक्की मर्यादाही नाही, फक्त ठरावीक रकमेच्या वर गेलात की लक्झरी टॅक्स नावाचा दंड. त्यामुळे चूक पैशाची होत नाही, वर्षांची होते. नापोलीचा करार जानेवारीत एका वर्षावर आणि 50 लाखांवर आला, बाकीचे पैसे मैदानावर उतरला तर.

पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे, पण मी सांगणारच. क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा, म्हणून आणलेला जोएल हॅनराहन कोपर दुखावून गेला. त्याच्या जागी अँड्र्यू बेली, त्याचा खांदा गेला. मग चेंडू आला त्या 37 वर्षांच्या, एव्हाना 38 च्या, उएहाराच्या हातात. त्याने त्या हंगामात 101 जणांना स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं आणि वॉक, म्हणजे फुकटचे बेस, दिले फक्त 9. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, चौथ्या सामन्यात, सेंट लुईसला, व्हिक्टोरिनोची पाठ धरली म्हणून आयत्या वेळी गोम्सला उतरवलं. 1-1 असताना सहाव्या इनिंगमध्ये प्रश्नचिन्हवाल्या गोम्सने तीन धावांचा होमरन मारला. सामना संपला तो कसा? उएहाराने पहिल्या बेसवर कोल्टन वाँगला पकडलं. चेंडू घेऊन टॅग करणारा कोण? खुबेवाला नापोली. पाकिटावरची तीन नावं एका रात्रीत! 30 ऑक्टोबर 2013 ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर आम्ही ती मालिका जिंकलो. घरच्या मैदानावर असं 1918 नंतर पहिल्यांदाच घडत होतं. साडूंचा फोन आला. "नशीब," एवढंच.

त्यांचं हुकमी पान म्हणजे 2009. यांकीजने सबाथिया, टेशेरा आणि बर्नेट या तिघांवर एका हिवाळ्यात 42 कोटींहून जास्त ओतले आणि वर्ल्ड सिरीज नेली. बरोबर आहे. पण जीटर, रिव्हेरा, पोसाडा, पेटिट हे काय बाजारातून आणले होते? आणि 29 होमरन मारणारा निक स्विशर त्याच हिवाळ्यात शिकागो व्हाइट सॉक्सकडून किरकोळ ट्रेडमध्ये आला, त्याचं नाव साडू कधी घेत नाहीत. हल्ली त्यांनी डॉजर्सनी ओहतानीला दिलेले 70 कोटी पुढे केलेत. मग त्याच डॉजर्सनी जिंकलेल्या 2024 च्या नॅशनल लीग अंतिम मालिकेचा मानकरी कोण? टॉमी एडमन, जुलैत ट्रेडने आलेला, तोवर त्या वर्षी मुख्य संघासाठी एकही सामना न खेळलेला.

आता प्रामाणिकपणे दोन-तीन गोष्टी. 2014 ला तोच रेड सॉक्स पुन्हा शेवटचा आला, 71 विजय. अशा भरतीचं आयुष्य एक-दोन हंगामांचं असतं. मग आमच्या लोकांनी साडूंचं ऐकल्यासारखं सँडोव्हालला 9.5 कोटी आणि हॅनली रामिरेझला 8.8 कोटी दिले आणि 2015 ला परत तळ गाठला, ते निराळं.

ट्रेडचं तुम्ही वेगळं विचारलंय. तिथे मी सावध राहीन. हॅनराहनसाठी पिट्सबर्गला दिलेला मार्क मेलान्सन तिकडे जाऊन ऑलस्टार झाला, म्हणजे वर्षाच्या निवडक खेळाडूंत गेला. आणि ऑगस्टात डॉजर्सशी केला तसा सौदा आता जमायचा नाही, ती वाट 2019 पासून बंद आहे. नको असलेले मोठे पगार जुलैअखेरच्या आसपासच्या मुदतीआधी किंवा हिवाळ्यातच खपवा.

आणि हे सगळं चाललं कारण ऑर्टिझ, पेड्रोया, लेस्टर, एल्सबरी आधीच घरात होते. तुमच्याकडे असे तीन-चार जण नसतील तर स्टारही नको आणि मध्यमही नको. जे विकता येतील ते विका, पोरं गोळा करा आणि दोन हंगाम गप हरा.