घाटात गाडी तापते

प्रश्न : माझ्याकडे २५ वर्षांची डिझेल जीप आहे. नाशिक शहरात काटा मध्यावर असतो, पण कसारा घाट चढताना लाल पट्ट्यात जातो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालतो. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू. काढू का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो चिकटला असेल तर नवा बसवा. तो नसला की इंजिन नीट गरमच होत नाही आणि डिझेल जास्त लागतं. माझा संशय बोअरच्या पाण्यावर आहे. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. सपाटीवर कळत नाही, चढावर कळतं. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं भरा. झाकणाचं रबरही बघा. दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं. फॅनबेल्ट सैल नाही ना?

ऑइल दुधाळ दिसलं किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं असू शकतं. मग गाडी चालवूच नका.

आणि हात जोडून सांगतो, तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या हातावर तो डाग अजून आहे.