‘ती फुलराणी’तल्या मंजुळेचं मूळ पात्र, एलायझा, इंग्लंडच्या रंगभूमीवर सर्वांत आधी कोणी साकारलं?

मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी, ११ एप्रिल १९१४ रोजी, लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये. प्रोफेसर हिगिन्स झाले होते हर्बर्ट बीरबोम ट्री. बर्नार्ड शॉ यांनी ‘पिग्मॅलियन’मधली एलायझा लिहिलीच मुळी या बाईंसाठी. १८९७ सालीच एलन टेरी या अभिनेत्रीला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की कॅम्पबेलबाईंना एप्रन आणि शहामृगाची लाल-नारिंगी पिसं घातलेली ईस्ट एंडची (लंडनच्या गरीब वस्तीतली) पोरगी करायचं डोक्यात आहे. म्हणजे नाटक लंडनच्या रंगमंचावर यायच्या सतरा वर्षं आधी! बाईंचं नाव १८९३ च्या ‘द सेकंड मिसेस टँकरे’पासून गाजत होतं, तेही गंभीर भूमिकांसाठी. एलायझा जेमतेम विशीची आणि बाई तेव्हा ४९ वर्षांच्या, तरी त्यांनी ती फूलवाली अशी उभी केली की तिसऱ्या अंकातल्या ‘ब्लडी’ या एका शिवराळ शब्दावर नाट्यगृह हास्यात बुडालं. माझ्या मते धाडस नाटककाराइतकंच त्यांचंही होतं.

फक्त ‘जगातली पहिली एलायझा’ त्यांना म्हणता येणार नाही. नाटकाचा पहिला प्रयोग ऑक्टोबर १९१३ मध्ये व्हिएन्नात, जर्मन भाषेत झाला होता.